सोनोग्राफी काय सांगते, काय सांगत नाही

नरडाण्यासारख्या गावातून अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठी धुळ्याला जायचे, तर एका फेरीत भागत नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली सोनोग्राफी, मग दर दोन-तीन दिवसांनी पुढची. सून घरी परतली की ओसरीवरून प्रश्न येतो, "काय म्हणाले डॉक्टर? यंदा होईल ना?" या प्रश्नाचे उत्तर सोनोग्राफी कितपत देऊ शकते, हे साऱ्या कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिल्या तपासणीत बीजांडकोशातील २ ते १० मिलिमीटरच्या पुटिका मोजतात. त्यांच्या संख्येवरून औषधांना किती प्रतिसाद मिळेल याचा अंदाज येतो व इंजेक्शनांची मात्रा ठरते. वाढणारी पुटिका १८ ते २० मिलिमीटरची झाली, की बीज परिपक्व होऊन सुटावे म्हणून इंजेक्शन देतात. त्यानंतर सुमारे ३६ तासांनी ते बाहेर पडते. गर्भाशयाचे अस्तरही पाहिले जाते. ते ७ मिलिमीटरहून पातळ असल्यास गर्भ रुजण्याची शक्यता घटते, मात्र संपत नाही.

परंतु पडद्यावर दिसते ती द्रवाने भरलेली पुटिका. आतील बीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. ते सोनोग्राफीत दिसत नाही. त्याचा कस मुख्यतः स्त्रीच्या वयावर अवलंबून असतो. म्हणूनच उत्तम अहवालानंतरही कधी निराशा पदरी येते, तर साधारण अहवालानंतरही पाळणा हलतो. सोनोग्राफी उपचाराची वेळ व दिशा दाखवते. फळाची हमी देत नाही.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली. तरीही गर्भ नेमका रुजेलच, हे आधी सांगणारे यंत्र आजही नाही.

तेव्हा अहवालातील आकडे सुनेच्या गुणदोषांचे प्रगतिपुस्तक समजू नयेत. दोष अनेकदा पुरुषाकडेही असतो. तिच्या वारंवार सोनोग्राफी करण्याआधी पतीची साधी वीर्यतपासणी व्हायला हवी. आणि ती तपासणीहून परतली, की "काय निघाले?" असे विचारण्याआधी "दमलीस का, बेटा?" एवढे विचारावे. त्या दिवशी तिला त्याचीच खरी गरज असते.