आवाज बंद झाले, मग हा विसरतो कसा?

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खानदेशी मंडळींत एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की सुरू झालं तरी माझा पारा चढतो : ‘गोळ्यांनी आवाज बंद झाले, संशय गेला. आता नुसता आळस उरलाय.’

हा ‘आळस’ दिसतो कसा? स्किझोफ्रेनियातून सावरलेला पोरगा रिंगरोडच्या मार्केटात पुन्हा कामाला लागतो. शेठ सांगतो, ‘हे तीन ताके वर दे, चलनावर सही घे, येताना टेप आण.’ पोरगा ताके पोचवतो आणि जिन्यातच उभा राहतो. पुढचं काय होतं? शेठ चिडतो. घरी आई म्हणते, ‘सोंग करस तो.’ पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाची तारीख त्याला बरोबर आठवते ना, मग!

अहो, जुनं पाठ असणं वेगळं. इथे अडतं ते कार्यस्मृतीपाशी, म्हणजे ऐकलेलं काम होईपर्यंत डोक्यात धरून ठेवण्यापाशी. त्यासाठी मेंदूतल्या पेशींना एका ठेक्यात चालावं लागतं. सेकंदाला साधारण ३० ते ८० वेळा हेलकावणाऱ्या अशा लहरींना गॅमा म्हणतात. लेझमीत हलगी चुकली, की कसलेले खेळाडूही एकमेकांना धडकतात. मेंदूत हलगीवाल्याचं काम काही आवर घालणाऱ्या पेशी करतात. पिट्सबर्गच्या डेव्हिड लुईस यांच्या गटाला रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत याच पेशी दुबळ्या दिसल्या. १९९९मध्ये क्वॉन आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला ४० टकटक ऐकवून पाहिली. रुग्णांच्या मेंदूने तो ताल कमी धरला. मात्र ‘लहरी कमी पडतात’ इतकं ते सोपं नाही. काही अभ्यासांत रुग्णांचा गॅमा सोप्या कामालाच चढलेला असतो आणि काम अवघड झालं की आणखी चढायला जागाच उरत नाही.

‘मग गोळ्यांनीच डोकं बधिर केलं असेल.’ नाही. सोही पार्क आणि सहकाऱ्यांना १९९५मध्ये रुग्णांच्या निरोगी सख्ख्या नातेवाइकांतही या स्मृतीची उणीव सापडली. त्यांना कोण गोळ्या देत होतं? मुख्य औषधं आवाज शमवतात, कार्यस्मृतीला फारसा हात लावत नाहीत. हात थरथरू नयेत म्हणून जोडीला दिलेली एखादी गोळी मात्र विसराळूपणा वाढवू शकते. ते डॉक्टरांना सांगा, परस्पर काही बंद करू नका.

बाकीचे समज भराभर. ईईजी नॉर्मल आला म्हणजे आजार नाही? ईईजीवरून स्किझोफ्रेनियाचं निदान होतच नाही; फिट्‌सची शंका असली तर तो काढतात. एका देहात दोन माणसं? तो ‘अपरिचित’ सिनेमा, आजार दुसराच. ब्लॉइलर यांनी १९०८मध्ये स्किझोफ्रेनियाला ‘दुभंगलेलं मन’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि घोळ झाला. त्यापेक्षा २००४चा ‘देवराई’ बघा, अतुल कुलकर्णींचा शेष. लागीर, बाधा? भगताकडे गेलेले महिने उपचारातून वजा होतात, एवढंच.

आणि शेठ, एका वेळी एकच काम सांगा. तिन्ही सांगायचीच असतील, तर जुन्या चलनाच्या कोऱ्या पाठीवर लिहून त्याच्या खिशात घाला. जिन्यात थांबला, की काढून वाचेल.