माघातच लागते चाहूल

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, पण परसातल्या पक्ष्यांची लगबग माघातच दिसू लागते. युरोपात भिंगऱ्या परतल्या की वसंत आला म्हणतात. आपल्या अंगणातले बहुतेक पक्षी मात्र बारा महिने इथलेच. म्हणून नवा कोण आला हे शोधण्यापेक्षा रोजचा पक्षी आज काय वेगळं करतोय, ते पाहावं.

आधी कान

थंडीत तांबट फारसा बोलत नाही. ऊन तापू लागलं की वड-उंबराच्या शेंड्यावरून त्याचं एकसुरी ‘टुक् टुक्’ सुरू होतं. दुर्बीण असेल तर त्याचा गळा जरूर पाहा. चोच मिटलेलीच असते, आणि दर ठोक्याला गळ्याची कातडी फुगते. बोलताना तो डोकं फिरवत राहतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही.

दयाळ हिवाळाभर झुडपांखाली किडे टिपत असतो. आता तोच नर उजाडण्याआधी तारेवर किंवा पाण्याच्या टाकीवर चढून गातो आणि आपली हद्द जाहीर करतो. कोकीळ नंतर भरात येतो. त्याच्या मादीला अंडी कावळ्याच्या घरट्यात घालायची असल्याने कावळ्यांच्या विणीशी जुळवून घ्यावं लागतं.

मग रंग

मला सर्वांत भरवशाची खूण वाटते ती जांभळ्या शिंजिराची. थंडीत नर मादीसारखाच पिवळसर दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा असतो. मग चमकदार जांभळी-काळी पिसं येऊ लागतात. शेवग्याच्या फुलांवर असा अर्धवट रंगलेला, चट्ट्यापट्ट्यांचा नर दिसला की समजावं, विणीचे दिवस जवळ आले. शिंपी नराच्या शेपटीतली मधली दोन पिसंही याच हंगामात लांबतात.

त्यांना कळतं कसं?

मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. पुण्यात सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, सर्वांत मोठा १३ तासांहून थोडा अधिक. हा फरक पक्ष्यांना पुरतो. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतल्या पेशी टिपतात, संप्रेरकं वाढतात आणि गाणं सुरू होतं. ऊब आणि अन्न यांमुळे वेळ थोडी मागेपुढे होते.

निघणारे पाहुणे

वसंताची दुसरी बाजू निरोपाची. पळस, सावर, पांगारा फुलला की भोरड्यांचे थवे मधासाठी त्यावर तुटून पडतात आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघतात. शेपटी थरथरवणारा थिरथिराही त्याच सुमारास दिसेनासा होतो.

नोंद कशी ठेवावी

फेब्रुवारीच्या मध्यावर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जगभरची पक्षीगणना चार दिवस चालते. घरच्या अंगणात पंधरा मिनिटं पक्षी मोजले तरी तीत भाग घेता येतो. एरवी साधी वही पुरे. पहिलं गाणं ऐकलेली तारीख लिहिणं सोपं आहे. थिरथिऱ्याची मात्र दिसेल त्या प्रत्येक दिवशी नोंद करावी, कारण शेवटचं दर्शन कोणतं होतं ते तो गेल्यावरच कळतं.