कराचीची पेटी, लंडनचा सिंथेसायझर

सिंथेसायझर म्हणजे विजेवर चालणारी पेटीच ना, असा प्रश्न संगीताच्या तासाला हमखास येतो. उत्तर 'नाही' असेच आहे. पण दोघींचे नाते किती जवळचे असू शकते, हे २०२३ साली निघालेल्या एका अल्बमच्या निमित्ताने सांगावेसे वाटते.

अल्बमचे नाव 'ड्रीमर'. तो केला नबीहा इक्बाल यांनी. त्या लंडनच्या, घराणे मूळचे पाकिस्तानातले. त्यांनी इतिहास, लोकसंगीतशास्त्र आणि कायदा यांचा अभ्यास केला आणि शेवटी संगीतात रमल्या. बड्या कंपन्यांच्या मर्जीवर न राहता आपल्या मनाप्रमाणे काम करणाऱ्या अशा कलावंतांना तिकडे 'इंडी' म्हणतात. त्यांचा पहिला अल्बम २०१७ साली आला. दुसऱ्याची तयारी चालू असताना, २०२० च्या सुरुवातीला, त्यांच्या स्टुडिओत चोरी झाली आणि केलेले काम गेले. संगणकावर काम करणाऱ्याचे सगळेच त्या एका यंत्रात असते. वही हरवली तर निदान चाल डोक्यात राहते. इथे मात्र थरावर थर चढवून बनवलेला आवाजच जातो, आणि तो पुन्हा तसाच करता येत नाही.

त्याच सुमारास कराचीहून निरोप आला, आजोबांना मेंदूतला रक्तस्राव झाला आहे. त्या तातडीने निघाल्या. कराचीत पोहोचल्या आणि कोरोनाची टाळेबंदी लागली. हाताशी ना स्टुडिओ, ना यंत्रे. मग त्यांनी तिथेच एक साधी गिटार आणि एक पेटी विकत घेतली आणि नव्याने चाली बांधायला बसल्या. 'ड्रीमर'चा पाया तिथला.

आता थोडे पेटीविषयी. आपण तिला अगदी घरची समजतो, पण तीही परदेशातून आलेली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून वाजवायचे. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे आणून तो हाताने चालेल असे केले, आणि मांडी घालून बसणाऱ्यांची सोय झाली. आपल्या बेळगावात तर पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी पेटी कुठल्या उंचीवर नेली, हे आजी-आजोबांना विचारावे. तरीही शास्त्रीय संगीतातल्या जाणकारांची तिच्यावर जुनी तक्रार आहे. तिचे सूर पक्के ठरलेले, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. याच कारणावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती कितीतरी वर्षे टिकली.

पेटीत भात्याची हवा पितळी पत्तीवरून जाते, पत्ती थरथरते आणि सूर निघतो. सिंथेसायझरमध्ये पत्तीच्या जागी विजेची लहर असते. ही लहर मुळात कर्कश असते. मग एक चाळणी तिच्यातला नको तो भाग काढून टाकते आणि आवाज मऊ होतो. सूर किती हळू उमटावा, किती वेळ रेंगाळून विरावा, हेही ठरवता येते. बहुतेक सिंथेसायझरवर सूर वर-खाली सरकवायचे एक चाकही असते. म्हणजे पेटीला न जमणारी मींड या यंत्राला जमते! रेडिओच्या त्या साहेबांना हे कळले असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

दोघींत सारखे काय? एक पट्टी दाबून धरली की तो सूर, हवा किंवा वीज आहे तोवर, चालूच राहतो. त्या टिकून राहिलेल्या सुरावर दुसरा, त्यावर तिसरा असे थर चढवता येतात. गिटारची तार छेडली की तिचा आवाज लगेच विरू लागतो. तेव्हा पेटीवर बांधलेली चाल सिंथेसायझरवर नेणे सोपे जाते, असे आम्हाला वाटते.

मात्र 'ड्रीमर'मध्ये कव्वाली शोधू नये, निराशा होईल. ऐकू येतात त्या गिटारी, सिंथेसायझरचे लांबलचक सूर आणि १९८० च्या दशकातल्या इंग्लिश बँडची छाया. मूळ गावी जाऊन आलेले कलावंत पुष्कळदा तिथली सनई नाहीतर ढोलक आणतात आणि आपल्या गाण्याला चिकटवून देतात. इक्बाल यांनी तसे केले नाही हे आम्हाला आवडले. कराचीने त्यांना नटवायला काही दिले नाही. दिली ती सवड, आणि हाताने वाजवायचे एक वाद्य.

कराची आपल्यालाही अगदी परकी नाही. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, बेळगावही होते. त्यामुळे नोकरीसाठी मराठी माणसे तिकडे गेली, काही कुटुंबे तिथलीच झाली. १८५५ साली निघालेल्या तिथल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आहे. सिंधमध्ये शिक्षण रुजवणारे हे मराठी गृहस्थ होते.

अल्बम ऐकायचा तर 'धिस वर्ल्ड कुडन्ट सी अस' या गाण्यापासून सुरुवात करावी. त्यात त्या गात नाहीत, बोलतात. शब्द नाही समजले तरी चालेल. बोलण्यामागे सूर कसे थरांनी साठत जातात तेवढे ऐकावे. मोबाइलच्या बारीक स्पीकरवर ते कळणार नाही, हेडफोन लावावा.