चूक टांकसाळीची की घाव बाहेरचा?

सोलापूरच्या नावाचा रुपया एके काळी चलनात होता. औरंगजेबाच्या नाण्यांवर ज्या टांकसाळींची नावे सापडतात, त्यांत सोलापूरही आहे. ही नाणी हातोड्याने पाडलेली. खाली एक ठसा पक्का बसवलेला, त्यावर चांदीची चकती, चकतीवर दुसरा ठसा आणि वरून घाव. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे एका रुपयावर गावाचे नाव पुरते उमटते, पण साल कडेबाहेर जाते. दुसऱ्यावर नेमके उलटे. मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराईचीही हीच गत. अर्धवट अक्षरांची शिवराई कुणी ‘एरर कॉइन’ म्हणून विकायला आणली, तर ती चूक नाही, त्या काळची रीत आहे. जिथे दोन नाणी एकसारखी असावीत अशी अपेक्षाच नव्हती, तिथे चूक कशाला म्हणणार? ती अपेक्षा यंत्राबरोबर आली. मुंबईच्या फोर्टात 1820च्या दशकात वाफेवर चालणारी टांकसाळ उभी राहिली, आणि एका साच्यातली लाखो नाणी निघू लागली.

आज सोलापूरकराच्या खिशातले नाणे चारपैकी एका टांकसाळीत जन्मलेले असते. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. खूण नाही म्हणजे चूक, असे समजणारे पुष्कळ भेटतात. ती चूक नव्हे.

खरी चूक ओळखायची तर नाणे कसे घडते ते टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर आणावे लागते. हातातला दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर होऊ शकतो, हा प्रश्न विचारायचा. एकाही टप्प्यावर होऊ शकत नसेल, तर तो घाव नाणे बाहेर पडल्यावरचा.

पहिला टप्पा चकत्या पाडण्याचा. मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, की पुरीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. धातूच्या पट्टीवर तसेच घडले, की ‘क्लिप’ पडलेली चकती तयार होते. पुढे चकतीची कड उचलण्यासाठी तिला खोबणीतून दाबत फिरवतात. खाचेच्या जागी धातूच नसल्याने बरोबर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट राहते. भिंग घेऊन आधी ती समोरची कड पाहावी. खाचेजवळची अक्षरेही तुटत नाहीत, कडेकडे जाताना निमुळती आणि उथळ होतात, कारण ठशाखाली धातू मोकळ्या जागेकडे सरकलेला असतो. कानसीने घासलेल्या नाण्यात यातले काही नसते. अक्षर सुरीने कापल्यासारखे मध्येच थांबते आणि कडेवर कानसीचे बारीक ओरखडे दिसतात.

पुढचा टप्पा ठशाचा, आणि मोठ्या गमती इथेच होतात. नवशिक्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ठशाला तडा गेला तर नाण्यावर रेघ उठते, खोल जात नाही. तड्यात धातू शिरतो आणि उंचवटा होऊन बाहेर येतो. नखाला लागणारी उठावदार रेघ टांकसाळीतून आलेली असू शकते. खोल चर मात्र बहुधा ओरखडाच असतो.

‘ब्रॉकेज’चा मोह सर्वांनाच पडतो. पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर स्वतःच ठसा बनून उतरते. मग त्या चकतीच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह नेहमीसारखे उठावदार, तर दुसऱ्या बाजूला तेच सिंह आरशातल्यासारखे उलटे आणि खोल. दोन्हीकडे एकच बाजू, हीच त्याची ओळख. व्हाइसमध्ये दोन नाणी एकमेकांवर दाबूनही उलटी अक्षरे उमटवता येतात, पण तिथे मूळ नक्षी खाली चेपलेल्या अवस्थेत शिल्लक राहते.

ठशाभोवतीच्या कड्याशिवाय नाणे पाडले गेले, तर ते नेहमीपेक्षा पसरट होते. रेल्वेच्या रुळावर ठेवलेले नाणेही पसरते. फरक अक्षरांत आहे. टांकसाळीत पसरलेल्या नाण्यावर अक्षरे ठशातल्याच मापाची राहतात. रुळावर मात्र अक्षरेसुद्धा ताणली जातात. शेजारी साधे नाणे ठेवून अक्षरांची रुंदी पाहिली की निकाल लागतो.

दहा रुपयांच्या नाण्यावर थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त बनवाबनवी त्यातच होते. 27 मिलिमीटरच्या या नाण्यात बाहेरचे कडे आणि आतली चकती वेगवेगळ्या धातूंची असते. दोन्ही एकत्र ठेवून एकाच दाबाने जोडली आणि छापली जातात. चकती खरोखरच सरकून छापली गेली असेल, तर ठशातली अक्षरे सांधा न जुमानता थोडी पिवळ्या धातूवर, थोडी पांढऱ्यावर उमटतात. चकती ठोकून काढून परत बसवली असेल, तर कड्याच्या आतल्या भिंतीवर खरवडल्याच्या खुणा असतात आणि मधले चित्र कड्याशी तिरके होते. नुसत्या कड्याचेही तसेच. चकतीविना छापलेल्या कड्याची आतली कड दाबाने मोकळ्या जागेत सरकलेली असते.

सोलापूर जिल्ह्यात नाण्यांवर घाव होण्याची कारणे भरपूर. पंढरपुरात चंद्रभागेत टाकलेली नाणी वाळूने झिजतात, गंजतात, पातळ होतात. टॉवेल वाळवण्याच्या फिरत्या ड्रममध्ये नाणे अडकले, तर कड आत वळून जाड आणि गुळगुळीत होते. असले नाणे ‘विचित्र छपाई’ म्हणून हमखास पुढे येते. गळ्यातल्या माळेतून सुटलेल्या राणीछाप रुपयाच्या दातेरी कडेवर डाख दिल्याचा करडा डाग राहतो. या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, वजनकाट्यावर तूट दिसली तर घासणे, कापणे किंवा झीज यांचा विचार करावा. चकती पूर्ण असेल, तर केवळ ठसा सरकल्याने वजन घटत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढी सामग्री घरच्या अभ्यासाला पुरते.

हा अभ्यास मनापासून करायचा असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला 1980मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिचे संग्रहालय आहे. तिथे एक दिवस घालवला, की हातोड्याचे नाणे आणि यंत्राचे नाणे यांतले अंतर नजरेत बसते.

टांकसाळीची चूक असलेल्या नाण्याला किंमत मिळते, हे खरे. पण वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे सांगत फिरणाऱ्या जाहिराती निव्वळ फसवणूक आहेत. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्ये जाहीरपणे सांगितले. विकत घेणारा आधी तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा.

आणि घरात एखादे वेगळे नाणे सापडले, तर त्याला चिंच, लिंबू, राखुंडी काही लावू नका. ठशाखाली धातू कसा सरकला, हे सांगणारी मूळची चकाकी त्यातच निघून जाते आणि खरी चूकसुद्धा मग सिद्ध करणे अवघड होते. नाणे कडेने धरा, कागदाच्या पाकिटात ठेवा आणि आधी वजन करून घ्या.