वेष्टनावरील नाव

गाणे ऐकावयाचे असते. परंतु ते हाती येते तेव्हा प्रथम डोळ्यांना दिसते. ध्वनिमुद्रिकेचे पुठ्ठ्याचे पाकीट, कॅसेटच्या डबीत घडी करून बसविलेला कागद, सीडीसोबतची पुस्तिका आणि आता मोबाइलच्या पडद्यावरील बोटभर चौकोन, ही सारी गाण्याची वेष्टने होत. हे गाणे कोणाचे, ते कोणासाठी आणि त्याचे श्रेय कोणाला, या तीन प्रश्नांची उत्तरे वेष्टन देत असते. कधी ठळकपणे, तर कधी लपवून.

आपल्या वसतिगृहांतील मुले आज रॅप ऐकतात आणि काही जण लिहितातही. अनेक पालकांना हा प्रकार परका वाटतो. वास्तविक अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव तेथील ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून त्यांच्या एका गाजलेल्या अल्बमचे वेष्टन आणि आपल्या भीमगीतांच्या कॅसेटचे वेष्टन शेजारी ठेवून पाहावे, असे आम्हांस वाटते.

गजांआडचे दोघे

न्यूयॉर्क परिसरातील ‘पब्लिक एनिमी’ या गटाचा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टु होल्ड अस बॅक’ हा अल्बम १९८८ साली प्रसिद्ध झाला. ‘आम्हांला रोखून धरायला कोट्यवधींचे राष्ट्र लागते’ असा या नावाचा आशय. मुखपृष्ठावर ग्लेन फ्रीडमन यांनी टिपलेले छायाचित्र आहे. गटाचे दोन प्रमुख गायक, चक डी आणि फ्लेवर फ्लेव, त्यात तुरुंगाच्या गजांआड दिसतात. नुसते छायाचित्र पाहिले तर ही दोन कैद्यांची तसबीर वाटेल. नुसते नाव वाचले तर ती बढाई वाटेल. दोन्ही एकत्र आली की अर्थ पालटतो: गज हे कैद्याच्या दुबळेपणाचे चिन्ह राहत नाहीत, ते रोखणाऱ्याच्या भीतीचा पुरावा ठरतात. चित्र आणि शब्द यांनी एकमेकांस पुरे करणे, हेच उत्तम मुखपृष्ठाचे लक्षण होय.

या गटाचे बोधचिन्हही असेच आहे. बंदुकीच्या नेमाच्या वर्तुळात सापडलेली माणसाची काळी आकृती असे त्याचे स्वरूप. ते चक डी यांनी स्वतः तयार केले. त्यांनी विद्यापीठात आरेखनकलेचे शिक्षण घेतले होते. आकृतीच्या डोक्यावरील टोपीमुळे अनेकांना तो पोलीस वाटला. चक डी यांना मात्र तेथे नेमावर धरलेला कृष्णवर्णीय माणूस दाखवायचा होता. आपल्या गटाचे चिन्ह कंपनीच्या चित्रकाराकडे न सोपविता गायकाने ते आपल्या हाताने काढले, ही गोष्ट आपल्या मुलांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

कॅसेटच्या दोन बाजूंना सामान्यतः ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात. येथे त्यांना ‘रुपेरी बाजू’ आणि ‘काळी बाजू’ अशी नावे दिली होती. अल्बमचा कालावधी तासाभराच्या आत बसवून दोन्ही बाजू जवळपास सारख्या भरल्या होत्या, म्हणजे एक बाजू संपल्यावर कोरी फीत फिरत राहत नसे. ऐकणाऱ्याची सोय पाहणे हाही आरेखनाचाच भाग आहे.

निळा रंग आणि कोट

त्याच दशकात स्वस्त कॅसेटमुळे महाराष्ट्रात भीमगीते घरोघर पोहोचली. बाबासाहेबांच्या १९३७ सालच्या धुळे भेटीच्या स्मरणार्थ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला लोक जमतात. अशा मेळाव्यांत, तसेच चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी येथे, पुस्तके आणि तसबिरींच्या शेजारी गाण्यांचीही दुकाने मांडली जात. तेथून घेतलेली कॅसेट खान्देशातील गावोगावी वाजत असे.

या कॅसेटचे मुखपृष्ठ तळहाताहूनही लहान. त्यावर कोट आणि चष्मा घातलेले बाबासाहेब, मागे तेजोवलयातील तथागत, कधी संविधानाचा ग्रंथ, कधी पंचशील ध्वज आणि कडेला गायकाचे छोटे छायाचित्र. नगरांतील कलासमीक्षकांना ही मांडणी गर्दीची वाटेल. पण ती कोणासाठी होती, हे पाहिले पाहिजे. ज्या आईला अक्षर येत नव्हते तिलाही दुकानात टांगलेल्या शेकडो कॅसेटमधून आपली कॅसेट दुरून ओळखता यावी, हे तिचे पहिले काम. ते काम निळा रंग आणि कोट करीत. निळा हा १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या ध्वजाचा रंग. आणि ज्यांना नवे, स्वच्छ वस्त्र नेसण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या घरात तो कोट म्हणजे एक मोठे विधान होते. तिकडे गज आणि इकडे कोट, ही चित्रे परस्परविरुद्ध दिसतात. पण दोन्हींचा प्रश्न एकच आहे: आमची प्रतिमा कोण रंगविणार, तुम्ही की आम्ही?

लहान अक्षरांतील मजकूर

मुखपृष्ठावरून आता आतील लहान अक्षरांकडे वळू. रॅपमध्ये जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे घेऊन नवे संगीत रचतात. १९९१ साली बिझ मार्की या गायकाने एका जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयात निकाल त्याच्याविरुद्ध गेला. त्यानंतर असे तुकडे वापरण्यापूर्वी परवानगी घेणे आणि मूळ गाण्याचा निर्देश करणे ही रीत पक्की झाली. बिझ मार्कीने १९९३ साली पुढील अल्बमला ‘सर्व तुकड्यांची परवानगी घेतली आहे’ अशा अर्थाचेच नाव दिले! लहान अक्षरांतील मजकूर असा थेट मुखपृष्ठावर आला.

आपल्याकडे काय स्थिती आहे? भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ नुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणे बंधनकारक आहे: मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, त्या ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. या यादीत कवीचे नाव नाही. कलम ५७ कवीला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते हे खरे. पण तो हक्क त्याने स्वतः मागावा लागतो. गावोगाव पायी हिंडणारा शाहीर तो कोठे मागणार?

हा भेद नवा नाही. जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. दात्याचे नाव दगडात राहिले. ज्यांनी त्या भिंती रंगविल्या त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. याउलट चाळीसगावजवळच्या पितळखोरा लेण्यांत सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांनंतरही तो कारागीर आपणांस नावानिशी भेटतो, तो केवळ त्या एका ओळीमुळे.

नाव गाण्यातच

कागद टिकेल याचा भरवसा नसलेल्या आपल्या कवींनी यावर एक उपाय जुन्या काळापासून योजिला होता. चोखोबांनी आणि तुकोबांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या लोककवी वामनदादा कर्डकांनीही आपल्या असंख्य गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव विणले. रॅप गायक गाण्यात आपले नाव ठासून उच्चारतो, त्याला काही जण उद्धटपणा म्हणतात. आम्हांला त्यात ही नाममुद्राच दिसते. ज्याचे नाव इतरांनी पुसले, त्याने ते स्वतः उच्चारणे हा अहंकार नव्हे.

परंतु कार्यक्रमात वेळ कमी पडला की शेवटचे कडवे गळते आणि त्याबरोबर नावही गळते. आता मोबाइलवर तर वेष्टनच उरले नाही. चौकोनात गायकाचा चेहरा आणि कंपनीची खूण दिसते, कवीचा रकाना रिकामा असतो. एक पिढी गाणे पाठ म्हणेल. ते कोणी रचले, हे मात्र तिला सांगता येणार नाही.

आपले काम

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांना आमची विनंती आहे. घरातील माळ्यावर, जुन्या पेटीत कॅसेट पडल्या असतील. फीत वाजत नसली तरी आतील कागद फेकू नका. तो उलगडून दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र काढा. त्यावर नसलेली पण घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली माहिती वेगळ्या कागदावर लिहा: गीत कोणाचे, चाल कोणाची, ढोलकी आणि पेटी कोणी वाजविली, कोरस कोणाचा, कॅसेट कोणत्या वर्षी आणि कोठून आणली. धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून जुनी कागदपत्रे जपली आहेत. आपल्या गाण्यांचे कागद जपण्याचे काम आपल्याच शाळेच्या ग्रंथालयात सुरू होऊ शकेल. त्यासाठी एक कपाट आणि एक नोंदवही पुरेशी आहे.

जे विद्यार्थी आज रॅप रचतात त्यांना एवढेच सांगणे: चित्रफितीच्या पहिल्या चौकटीत आपल्या चेहऱ्याइतकीच जागा लिहिणाऱ्याच्या, ताल धरणाऱ्याच्या आणि ज्याच्या जुन्या गीताचा आधार घेतला त्याच्या नावाला द्या. ज्याचे श्रम, त्याचे नाव. न दिलेले घेऊ नये, असे पंचशीलातील दुसरे शील आपण रोज म्हणतो. दुसऱ्याचे श्रेयही त्याने दिल्यावाचून आपले होत नाही.