सराव संपल्यावर मुलांना कोण बघतं?

वर्षाची फी ८० ते ९० हजार डॉलर! आपल्या रुपयांत सत्तर लाखांच्या वर. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या ब्रॅडेंटन इथे आयएमजी अकादमी नावाची खेळाडू मुलांची निवासी शाळा आहे, तिथला हा भाव. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस मैदान. टेनिस प्रशिक्षक निक बोलेटिएरी यांनी १९७८मध्ये ती सुरू केली, १९८७मध्ये आयएमजी कंपनीनं विकत घेतली आणि २०२३मध्ये सव्वा अब्ज डॉलरला तिचा पुन्हा सौदा ठरला.

अशा ठिकाणची नोकरी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो शिट्टीवाला कोच. पण संध्याकाळी मैदान रिकामं होतं, मग ही पोरं कुणाच्या हवाली? तर होस्टेलवरच्या कर्मचाऱ्यांच्या. आपण जिला वॉर्डन म्हणतो, तीच ही. मुलांना अभ्यासाला बसवायचं, खोल्या बघायच्या, दिवे मालवायला लावायचे, ताप आला तर नर्सकडे न्यायचं. मुलं देशोदेशीची, त्यामुळे इथे रात्र तेव्हा एखाद्या आईकडे सकाळ. मुलगा जिंकला की कोचचं नाव पेपरात येतं, हिचं नाही.

आंद्रे अगासी १३ वर्षांचा असताना तिथे गेला. वडिलांना तीनच महिन्यांची फी परवडत होती. बोलेटिएरींनी त्याचा खेळ पाहिला आणि फी माफ करून त्याला ठेवून घेतलं. किती छान, असं वाटतं ना? पण २००९मध्ये आलेल्या ‘ओपन’ या आत्मचरित्रात अगासीनं त्या दिवसांची तुलना चक्क तुरुंगाशी केली. पोरगा केस गुलाबी रंगवत होता, जीन्स घालून मॅच खेळत होता. शिस्त मोडली म्हणून मोठी माणसं चिडली. मला विचाराल तर, घरची आठवण येतेय हे सांगता न आलेलं ते लेकरू होतं.

मारिया शारापोवा तर त्याहून लहान, नऊ वर्षांची. वडिलांबरोबर रशियातून आलेली. आईला व्हिसा मिळेना, त्यामुळे अमेरिकेतली पहिली दोन वर्षं मायलेकींची भेट नाही. २००४मध्ये १७व्या वर्षी तिनं विम्बल्डन जिंकलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण लहानपणी होस्टेलवर तिची वेणी कोण घालत असेल, हा प्रश्न फक्त आपल्यासारख्या बायकांनाच पडायचा!

आता जरा नाजूक विषय. खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबली, तर ‘सराव जोरात आहे, चालायचंच’ म्हणून पूर्वी सोडून द्यायचे. कारण पुष्कळदा ताटात असतं. जितकी ताकद खर्च होते तितकं पोटात जात नाही, मग शरीर काटकसर करतं. पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, पायाच्या हाडाला बारीक तडे जातात. २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी याला ‘रेड-एस’ असं नाव दिलं आणि मुलग्यांनाही हा त्रास होतो, असं सांगितलं. आता ही मुलगी भात बाजूला सारते, चार महिन्यांत तिनं पॅड मागितलं नाही, हे आधी कुणाला कळणार? कोचला नाही. मेसमध्ये वाढणारीला आणि वॉर्डनला. तिनं तोंड उघडलं तर शनिवारची मॅच बुडणार. कोच नाराज, लाखो रुपये भरणारे आईवडीलही नाराज. अशा नोकरीत खरी हिंमत लागते ती इथे. आपल्याकडे बालेवाडीला किंवा जिल्ह्याच्या क्रीडा प्रबोधिनीत लेक असेल, तर फोनवर नंबर कितवा आला हे विचारायच्या आधी पाळीचं विचारा बाई.

दुसरी गोष्ट जवळिकीची. रडणाऱ्या मुलाला जवळ घ्यावंसं वाटतं, पण मोठ्या माणसानं मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही. बोलायचं ते दार उघडं ठेवून. काहींना हे कोरडं वाटतं. मला नाही वाटत. जिम्नॅस्टिक्सच्या डॉक्टरचं प्रकरण बाहेर आल्यावर २०१८मध्ये अमेरिकेनं खेळाडू मुलांच्या सुरक्षेचा कायदाच केला. फ्लोरिडात तर अत्याचाराचा नुसता संशय आला तरी कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक. आपल्या २०१२च्या ‘पॉक्सो’ कायद्यातही तेच आहे. कामवाली असो की मुख्याध्यापिका, कळलं तर गप्प बसता येत नाही.

आणि हो, वर्गात शिकवणाऱ्यांचं राहिलंच. २०१०मध्ये पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग १४व्या वर्षी शिष्यवृत्तीवर या अकादमीत पोचला. ताडमाड उंच, शेतकऱ्याचं पोर, इंग्रजीची पंचाईत. बास्केटबॉलबरोबर एबीसीपासून सुरुवात. २०१५मध्ये डलास मॅव्हरिक्सनं त्याला निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू, केवढं कौतुक झालं! पण एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीत उतरला. बास्केटबॉल मागे पडलं, वर्गात गिरवलेलं इंग्रजी मात्र तिथे रोज लागत असणार.