जुनी कार्यप्रणाली, नवी कार्यप्रणाली आणि मराठी संहिता

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे निरनिराळे प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून दोहोंचा व्यवहार सांभाळणाऱ्या मूलभूत योजनेला कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) असे म्हणतात. ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिच्यामागून २०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’च्या अटी, विशेषतः ‘टीपीएम २.०’ हा सुरक्षेचा भाग व ठरावीक प्रोसेसर यांविषयीच्या, अनेक सुस्थितीतील यंत्रांना पुऱ्या करता येत नाहीत. यामुळे जुने ठेवावे की नवे घ्यावे, हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आहे. सामान्यतः तो सोयीचा व खर्चाचा प्रश्न समजला जातो. तथापि ज्यांच्या संग्रही मराठीतील शब्दसूच्या, बोलींचे नमुने व टंकलिखित हस्तलिखिते आहेत, त्यांच्या दृष्टीने तो प्रथमतः संहितेच्या रक्षणाचा प्रश्न होय.

कार्यप्रणाली जुनी होते म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. ती यंत्राच्या सुट्या भागांप्रमाणे झिजत नाही. दहा वर्षांपूर्वी जे काम ती करी, ते आजही करू शकते. थांबते ती दुरुस्ती. तिच्यातील उणिवा नंतरही उघडकीस येत राहतात, पण त्या बुजविणारे कोणी उरत नाही. २००१ मधील ‘विंडोज एक्सपी’ची देखभाल २०१४ मध्ये व २००९ मधील ‘विंडोज ७’ची २०२० मध्ये संपली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने अनेक देशांतील संगणक निकामी केले. ज्या उणिवेचा त्याने लाभ घेतला, तिच्यावरील दुरुस्ती देखभालीखालील प्रणालींसाठी मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ‘एक्सपी’साठी ती सर्वांना मिळाली ती हल्ला सुरू झाल्यानंतर. सारांश, जुन्या प्रणालीचा धोका मुख्यतः तिच्या बाह्य जगाशी असलेल्या संबंधातून उत्पन्न होतो.

असे असूनही अनेक ठिकाणी जुनी यंत्रे जपून ठेवलेली आढळतात, याला सबळ कारण आहे. १९९० नंतरच्या दशकात मराठी अक्षरजुळणी ज्या फॉन्टांच्या साहाय्याने होई, त्यांत देवनागरी अक्षरे व अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. ‘कृतिदेव’ फॉन्टामध्ये ‘मराठी’ हा शब्द वस्तुतः ई, जे, के, बी आणि एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठविला जातो. तो मराठी दिसतो तो केवळ फॉन्टामुळे. फॉन्ट नाहीसा झाला की उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची ओळ. शिवाय ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठविला जातो. म्हणजे तेथे उच्चाराचा क्रम नसून चित्राचा क्रम असतो. अशा संहितेत शब्द शोधणे किंवा तिची अकारविल्हे मांडणी करणे दुरापास्त होते.

युनिकोड या संकेतपद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक वर्णाला फॉन्टावर अवलंबून नसलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ‘कि’मध्ये ‘क’ आधी व इकार नंतर येतो. अक्षरांची दृश्य जुळवाजुळव करणे हे कार्यप्रणालीचे काम ठरते. ‘विंडोज २०००’पासून ही सोय देवनागरीस मिळाली, ‘एक्सपी’मध्ये मात्र ती वेगळी बसवावी लागे. ‘ॲ’ या स्वराक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यामुळे नवा फॉन्ट न बसविलेल्या ‘एक्सपी’च्या यंत्रावर त्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

नव्या प्रणालीने सर्व अडचणी मिटतात, असे मात्र नाही. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ या शब्दांतील अर्थभेद मराठीत महत्त्वाचा आहे. पण दुसऱ्या शब्दातील जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या क्रमांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते भिन्न वाटू शकतात. शब्दसूचीत दोहोंची सरमिसळ झाल्यास एकाच शब्दाची गणना दोन ठिकाणी होईल. तसेच सोळा-बिटी जुने प्रोग्रॅम चौसष्ट-बिटी ‘विंडोज’वर चालत नाहीत, आणि ‘विंडोज ११’ केवळ चौसष्ट-बिटी आहे. पृष्ठमांडणीच्या ‘पेजमेकर’ची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मधील आहे. अशा प्रोग्रॅमांतील पृष्ठे उघडण्याचे साधन नष्ट झाले, तर फाइल हाती असूनही मजकूर हाती लागणार नाही.

यावरून निवडीचा क्रम आपोआप सुचतो. प्रथम कोणता मजकूर कोणत्या फॉन्टात व कोणत्या प्रोग्रॅममध्ये आहे, याची नोंद करावी. जुने यंत्र चालू आहे तोवरच त्यातील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. रूपांतराचा प्रोग्रॅम विशिष्ट फॉन्टासाठीच केलेला असतो. दुसऱ्या फॉन्टाला तो लावल्यास अक्षरे चुकतात, आणि मजकुरातील मूळ इंग्रजी शब्दांचेही निरर्थक देवनागरीकरण होण्याचा संभव असतो. म्हणून रूपांतरित प्रत छापील प्रतीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. बोलींच्या नमुन्यांत तर शुद्धलेखनाची चूक कोणती आणि निवेदकाचा खरा उच्चार कोणता, हे यंत्राला कळत नाही. ते काम जाणकारानेच केले पाहिजे. मूळ फाइल, तिचा फॉन्ट व पृष्ठाची पीडीएफ प्रत ही तिन्ही एकत्र जतन करावी.

त्यानंतर जुनी प्रणाली इंटरनेटपासून पूर्णपणे अलग करून, अथवा नव्या संगणकात ‘व्हर्च्युअल मशीन’च्या रूपाने, केवळ जुन्या फाइली उघडण्यापुरती ठेवण्यास हरकत नाही. दैनंदिन लेखन व पत्रव्यवहार यांसाठी मात्र देखभालीखालील प्रणालीच वापरावी. ज्या यंत्रावर ‘विंडोज ११’ चालत नाही, त्यावर लिनक्सची एखादी प्रणाली बसविता येते. उदाहरणार्थ, ‘उबुंटू’च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे विनामूल्य दुरुस्त्या मिळतात व देवनागरी युनिकोड त्यांवर व्यवस्थित चालते. जुन्या मराठी अक्षरजुळणीचे प्रोग्रॅम तिच्यावर चालतीलच, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

अनेक बोलींचे निवेदक आज हयात नाहीत; त्यांच्याकडून टिपलेले शब्द पुन्हा टिपता येणार नाहीत. कार्यप्रणाली आज ना उद्या बदलावी लागणारच. त्या बदलापूर्वी संहिता फॉन्टाच्या व यंत्राच्या बंधनातून मोकळी झालेली असली, म्हणजे जुने की नवे हा प्रश्न खर्च आणि सोय यांच्या हिशेबाने निश्चिंतपणे सोडविता येईल.